शिकारीसाठी ठासणीची चकमकी बंदूक: गुळगुळीत नळीचे किट निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेनसिल्व्हेनियात सहसा नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ डिसेंबरला, हरणाच्या शिकारीचा एक वेगळा हंगाम सुरू होतो. या हंगामात फक्त चकमकीने पेटणारी ठासणीची बंदूक चालते. १९७४ साली सुरू झालेल्या या हंगामामुळे त्या राज्यात चकमकी बंदुका केवळ संग्रहालयात न राहता दरवर्षी बर्फात उतरतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्या मोजक्या मराठी मंडळींना शिकारीची आवड आहे, त्यांच्याकडून गेल्या काही वर्षांत मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. मी स्वतः दोन किट, म्हणजे सुट्या भागांतून घरी जोडायच्या बंदुकीचे संच, जोडली आहेत. त्यांपैकी पहिल्यात केलेल्या चुकांनी मला जितके शिकवले, तितके दुसऱ्यातील यशाने शिकवले नाही.

गुळगुळीत नळीची चकमकी बंदूक म्हणजे नेमके काय?

घोड्याच्या जबड्यात चामड्याच्या तुकड्यात धरलेली चकमक असते. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो आणि चकमक फ्रिझन नावाच्या पोलादी पत्र्यावर घासली जाते. त्या घासण्याने पोलादाचे सूक्ष्म कण खरवडले जाऊन पेटतात, फ्रिझन उघडते आणि त्या ठिणग्या खालच्या पेल्यातील रंजकावर, म्हणजे पेटवणीच्या चिमूटभर बारीक दारूवर, पडतात. रंजकाची ज्वाळा नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक भोकातून, आत शिरते आणि ठासलेली दारू पेटते. नळीच्या आतील बाजूस गोळीला फिरकी देणारे आटे असतील तर ती रायफल होते. आटे नसतील तर ती गुळगुळीत नळी, आणि तिच्यातून एक गोळी किंवा छर्रे यांपैकी काहीही उडवता येते. कान, रंजक, गज (गोळी ठासण्याची काठी), पेला हे सगळे शब्द जुन्या मराठी कागदपत्रांत तोफा-बंदुकांच्या संदर्भात सापडतात. त्यामुळे या विषयावर मराठीत बोलताना शब्दांची चणचण मला कधी भासली नाही.

रायफल सोडून गुळगुळीत नळी का घ्यावी?

एकच बंदूक घेऊन वसंतात टर्की पक्षी, शरदात खार आणि ससा, आणि डिसेंबरात हरीण असा वर्षभराचा क्रम पाळायचा असेल, तर गुळगुळीत नळीसारखी दुसरी सोय नाही. अठराव्या शतकात उत्तर अमेरिकेतील सामान्य शेतकऱ्याच्या घरी बहुधा अशीच बंदूक असे, कारण त्याला एका हत्यारात सगळे भागवायचे होते. याउलट, आपल्याला केवळ हरीण मारायचे असेल आणि शंभर यार्डांवरून नेम धरण्याची इच्छा असेल, तर रायफलच घ्यावी. गुळगुळीत नळीकडून ती अपेक्षा ठेवणे हे त्या जनावरावर अन्याय करणारे ठरेल.

अंतराची मर्यादा प्रत्यक्षात किती असते?

एका गोळीने हरीण मारायचे असेल तर माझी मर्यादा पन्नास यार्डांची आहे, म्हणजे सुमारे ४५ मीटर. नेम धरण्यासाठी मागची खाच नसलेल्या, केवळ नळीच्या टोकावरची माशी असलेल्या बंदुकीने यापेक्षा लांबून सातत्याने नेम लागणारे लोक आहेत, परंतु त्यांनी त्यासाठी कित्येक वर्षे आणि मणभर शिसे खर्च केलेले असते. छर्ऱ्यांनी टर्की मारायची असेल तर मुख संकोचन (छर्रे दाट ठेवण्यासाठी तोंडाजवळ केलेली चोक) नसलेल्या नळीतून वीस ते पंचवीस यार्डांच्या पलीकडे बार काढू नये. तिथून पुढे छर्रे इतके विखुरतात की पक्षी मरण्याऐवजी जखमी होऊन झुडपात पळण्याची शक्यता वाढते. किट निवडण्याआधी हा आकडा स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावा, कारण पुढचे बहुतेक निर्णय त्यावरच अवलंबून असतात.

अशी बंदूक घरी मागवायला परवाना लागतो का?

अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय बंदूक नियंत्रण कायद्यात, १८९८ पर्यंत बनलेली हत्यारे आणि काडतूस न वापरणाऱ्या त्यांच्या प्रतिकृती यांना ‘पुरातन’ या वर्गात टाकले आहे आणि नेहमीच्या बंदुकीच्या व्याख्येतून वगळले आहे. त्यामुळे बहुतेक राज्यांत किट थेट घरी येते. मात्र राज्याराज्यांचे कायदे निराळे आहेत. न्यू जर्सीत, जिथे आपली मराठी वस्ती मोठी आहे, ठासणीची बंदूक विकत घेण्यासाठीही खरेदीदाराचे ओळखपत्र लागते. तेव्हा पैसे भरण्याआधी आपल्या राज्याचा नियम वाचावा. जे तात्पुरत्या व्हिसावर राहतात त्यांनी ऐकीव माहितीवर न जाता वकिलाला विचारावे. शिकारीसाठी शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रम आणि त्या राज्याचा शिकार परवाना हे सगळीकडेच वेगळे लागतात.

भारतात ही बंदूक नेण्याचा विचार मनातही आणू नये. तिथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. कोकणात आजही विनापरवाना ठासणीच्या बंदुका पकडल्या गेल्याच्या बातम्या येतात, त्यामागे कधी रानडुकरांनी नासलेली शेती असते तर कधी निव्वळ चोरटी शिकार असते. त्या प्रश्नाची चर्चा वेगळी आहे आणि या छंदाशी तिची गल्लत करू नये.

पेनसिल्व्हेनियाच्या चकमकी हंगामात गुळगुळीत नळी चालते का?

हरणासाठी एकनळी, .४४ कॅलिबर (म्हणजे नळीचा व्यास .४४ इंच) किंवा त्याहून मोठी, खऱ्या दगडाच्या चकमकीने पोलादावर ठिणगी पाडणारी आणि एकच गोळी उडवणारी ठासणीची बंदूक असावी, अशी तेथील नियमांची चौकट आहे. तिच्यात गुळगुळीत नळीला मज्जाव नाही, पण तिच्यातून हरणावर छर्रे मारता येत नाहीत. नियम दरवर्षी छापले जातात आणि त्यांत बारीकसारीक बदल होतात, म्हणून परवान्यासोबतची त्या वर्षीची पुस्तिका वाचूनच रानात जावे.

गेज कोणते घ्यावे?

नळीच्या व्यासाच्या किती शिशाच्या गोळ्या मिळून एक पौंड वजन होते, तो आकडा म्हणजे गेज. म्हणून आकडा जितका लहान तितकी नळी रुंद. २० गेजची नळी सुमारे .६२ इंच, २४ गेजची .५८, १६ गेजची .६६ आणि १२ गेजची .७३ इंच व्यासाची असते.

मला कोणी एकच उत्तर मागितले तर मी २० गेज सांगतो. तिच्यात बसणारी .६०० इंचाची शिशाची गोळी साधारण ३२४ ग्रेन, म्हणजे २१ ग्रॅम भरते, आणि पन्नास यार्डांवरील हरणासाठी हे वजन पुरेसे होते. छर्ऱ्यांच्या बाजूने पाऊण ते एक औंस वजन तिला सहज पेलते. गोळ्या, दारू आणि छर्रे यांच्यामध्ये व वर ठासायच्या वॅड व कार्डाच्या चकत्या, साफसफाईची साधने या सर्व गोष्टी २० गेजमध्ये सर्वांत सुलभपणे मिळतात, आणि जंगलाजवळच्या छोट्या गावात शनिवारी संध्याकाळी काहीतरी संपल्यावर हा मुद्दा फार मोठा वाटू लागतो. २४ गेज हलकी आणि काटकसरी आहे, खार व हरीण यांसाठी उत्तम, पण टर्कीला थोडी कमी पडते. १२ गेज मुख्यतः बदकांसाठी घ्यावी. तिथेही एक अडचण आहे: १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे मारण्यास बंदी आहे. पोलादी छर्रे जुन्या पद्धतीच्या मऊ नळीला ओरखडतात, म्हणून बिस्मथचे महाग छर्रे घ्यावे लागतात.

नमुना कोणता निवडावा?

येथे बहुतेक जण इतिहासाच्या आवडीने निर्णय घेतात. ते अगदीच चुकीचे नाही, परंतु शिकारीच्या दृष्टीने काही भेद जाणून घ्यावेत.

इंग्रजी किंवा अमेरिकी वसाहतींतील फाउलर ही पक्ष्यांच्या शिकारीसाठीच घडवलेली बंदूक होय. तिची नळी बुडाशी अष्टकोनी आणि पुढे गोल होत जाते, वजन सहा-सात पौंडांच्या आसपास राहते आणि ती खांद्यावर झटकन येते. फ्रेंच तुल शहरात बनत असलेल्या शिकारी फ्युझिलचा दस्ता खाली वळलेला असतो. तो आकार कुणाच्या गालाला जणू मापून घडवल्यासारखा बसतो, तर कुणाच्या गालावर प्रत्येक बाराला ठोसा देतो. म्हणून हातात घेऊन पाहिल्याशिवाय फ्युझिल मागवू नये. हडसन बे कंपनीने फरच्या व्यापारात मूळ अमेरिकी जमातींना दिलेली नॉर्थवेस्ट बंदूक रांगडी, साधी आणि चापाभोवतीची मोठी कडी असलेली आहे. जाड हातमोज्यातील बोट तिच्यात आरामात शिरते, आणि पेनसिल्व्हेनियातल्या किंवा मिनेसोटातल्या जानेवारीत हा गुण अनमोल असतो. तिच्या डाव्या अंगावरील नागाच्या आकाराची पितळी पट्टी हीच तिची ओळख.

ब्राउन बेस ही इंग्रजी लष्करी मस्केट, .७५ कॅलिबरची आणि जवळजवळ दहा पौंडांची. आपल्याकडच्या वाचकाला ती सर्वांत परिचित वाटेल, कारण तिचाच ३९ इंची नळीचा ‘इंडिया पॅटर्न’ ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींच्या हाती होता. १८०३ मध्ये असईच्या रणांगणावर आणि १८१७ मध्ये खडकीला मराठी फौजांसमोर कंपनीच्या पायदळाने चकमकी मस्केटीच रोखल्या होत्या. या आठवणीमुळे अनेकांना ती घरी असावीशी वाटते आणि ती भावना मला समजते. पण दिवसभर डोंगर चढून उतरायचा असेल तर दहा पौंड वजन, लष्करी जाड चाप आणि मोठी दारूची मात्रा यांमुळे मी शिकारीसाठी तिची शिफारस करत नाही.

किटमध्ये काय येते आणि किती काम उरते?

‘किट’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. एका टोकाला संगणकावर चालणाऱ्या यंत्राने दस्ता, नळीची खाच, लॉकची (घोडा, फ्रिझन आणि पेला असलेल्या ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेची) जागा सगळे अगदी अचूक कोरून दिलेली किट असतात. ओहायोतील किब्लर यांची किट या प्रकारात मोडतात. अशा किटमध्ये मुख्य काम म्हणजे लाकडाला पॉलिश, धातूला रंग आणि शेवटची हलकी जुळणी. सुतारकामाची सवय नसलेल्या माणसालाही ते काही शनिवार-रविवारांत जमते.

मधल्या टप्प्यावर जिम चेंबर्स यांच्यासारख्या कारागिरांची किट येतात. त्यांत दस्ता ढोबळ घडवलेला असतो आणि भाग उत्तम प्रतीचे असतात, परंतु प्रत्येक भाग बसवताना काजळी लावून, लाकडावर उमटलेला डाग पाहून, पटाशीने कणाकणाने लाकूड काढावे लागते. शंभर तास सहज जातात, आणि ते तास वाया गेले असे मला एकदाही वाटले नाही. दुसऱ्या टोकाला केवळ सुटे भाग असतात: मिनेसोटातील ट्रॅक ऑफ द वुल्फसारख्या दुकानातून नळी, लॉक, लाकूड, पितळ असे सगळे वेगवेगळे मागवायचे आणि आपणच जोडायचे. पहिल्या बंदुकीसाठी हा मार्ग घेऊ नये.

चांगल्या किटची किंमत हजार डॉलरच्या वर जाते. निम्म्या किमतीत मिळणारी कारखानी किटही आहेत, पण त्यांतील बहुतेक रायफली असतात, आणि पैसे नेमके लॉकमध्ये वाचवलेले असतात. तिथे पैसे वाचवणे सर्वांत महाग पडते, ते कसे, हे पुढे सांगतो.

लॉकला एवढे महत्त्व का?

चकमकी बंदुकीच्या शिकाऱ्याला हरीण चुकण्यापेक्षा बार न उडण्याचे दुःख अधिक वेळा भोगावे लागते. पेल्यात रंजक भडकते, धूर होतो, पण नळीतील दारू पेटत नाही. मराठीत ज्याला आपण फुसका बार म्हणतो तो हाच. चांगल्या लॉकमध्ये फ्रिझनचा पृष्ठभाग योग्य कठीण केलेला असतो, घोड्याची मुख्य कमान आणि फ्रिझनची कमान यांचे बळ एकमेकांशी जुळलेले असते, आणि घोडा पूर्ण उतरल्यावर चकमकीची धार थेट पेल्याच्या मध्याकडे रोखलेली असते. यांतील एकही गोष्ट बिघडली तर चकमक दहा-बारा बारांतच बोथट होते किंवा ठिणग्या पेल्याच्या बाहेर पडतात.

माझ्या पहिल्या बंदुकीचे लॉक मी किमतीकडे पाहून घेतले. दुकानात ते सुरेख चमकत होते. पहिल्याच हंगामात, बर्फाची भुरभुर चालू असताना, तीस यार्डांवर आडव्या उभ्या असलेल्या मादीवर मी तीनदा चाप ओढला आणि तीनही वेळा ठिणगी पडलीच नाही. ती मान वर करून माझ्या दिशेने बघत राहिली आणि मग सावकाश निघून गेली. पुढे एका जाणत्या कारागिराने फ्रिझन तपासले तेव्हा ते कानशीने सहज कापले जात होते, म्हणजे त्याला कठीणपणा दिलेलाच नव्हता. त्यानंतर मी नव्या बंदुकीसाठी आधी लॉक ठरवतो आणि मग बाकीचे.

विकत घेताना दुकानदाराला सांगून अंधाऱ्या खोलीत लॉक उडवून पाहावे. पांढऱ्या-पिवळ्या, सळसळत पेल्यात पडणाऱ्या ठिणग्या दिसल्या पाहिजेत. लालसर, क्षीण ठिणग्या चालणार नाहीत. सिअर आणि टंबलर, म्हणजे घोडा ताणून धरणारे लॉकमधील भाग, यांच्या खाचांना मात्र आपण स्वतः कानस लावू नये. चाप हलका करण्याच्या नादात अर्ध्या खाचेवरून, म्हणजे अर्धवट ताणलेल्या सुरक्षित अवस्थेतून, घोडा सुटणारी बंदूक तयार होते, आणि ती बाळगणाऱ्यालाच धोका असतो.

दस्त्याचे माप कसे घ्यावे?

या बंदुकीला मागची खाच नसते. मागची खाच म्हणजे आपला डोळा, आणि तो नळीच्या रेषेत आणून ठेवण्याचे काम दस्ता करतो. म्हणून रायफलमध्ये जो दोष खाच सरकवून झाकता येतो, तो गुळगुळीत नळीत झाकता येत नाही. दस्ता उंच पडला तर गोळ्या वर जातात, दस्ता लांब पडला तर खांद्यावर येताना जाकिटात अडकतो, आणि हे सगळे कागदावर नीट लक्षात येत नाही.

बहुतेक किटमध्ये चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर साडेतेरा ते चौदा इंच असते. ते सहा फुटी अमेरिकी माणसाला डोळ्यांसमोर ठेवून घेतलेले आहे. आपल्यातील पाच-साडेपाच फूट उंचीच्या माणसाला, त्यातही थंडीच्या जाड कपड्यांवर, तेरा इंच किंवा त्याहून थोडे कमी अंतर बसते. म्हणून डिसेंबरातील जाकीट अंगात घालूनच माप घ्यावे. डोळे मिटून बंदूक खांद्यावर आणावी, गाल दस्त्यावर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. माशी नळीच्या मागच्या टोकाच्या मधोमध, किंचित वर दिसली तर माप जमले. नळी दिसतच नसेल तर गालाचा भाग उंचवायला हवा. नळीचा फार मोठा भाग दिसत असेल तर तो खरवडून खाली आणायला हवा. किट घेण्याचा मोठा फायदा हाच की लाकूड अजून आपल्या हाती असते, तयार बंदुकीत ते संपलेले असते. दस्त्याचे टोक कापताना आधी अर्धाच इंच कापून गोळीबार करून पाहावा, मग पुढचा विचार.

बुडाशी मागची खाच बसवायची की नाही, यावर माझे मत असे की पन्नास यार्डांच्या आत ती लागत नाही, आणि उडत्या किंवा पळत्या शिकारीवर ती अडते.

नळी किती लांब असावी, आणि तोंड संकुचित करून घ्यावे का?

फाउलरसाठी ४२ ते ४६ इंच ही जुनी लांबी. लांब नळीत नजर स्थिर राहते आणि माशी डोळ्यापासून दूर असल्याने चाळिशी उलटलेल्यांना ती स्पष्ट दिसते. तंबूत किंवा दाट झाडीत छत्तीस इंची नळी सोयीची. दारू जाळण्यासाठी ३६ इंच पुरेसे आहेत. टर्की हेच मुख्य लक्ष्य असेल तर नळीच्या तोंडाजवळ आतून पोकळी करून घेण्याची एक पद्धत आहे, त्याने छर्रे अधिक दाट राहतात आणि गोळीही उडवता येते. पण पहिल्या वर्षी नळी मूळ अवस्थेत वापरून पाहावी.

भारतातून येणाऱ्या स्वस्त मस्केटी घ्याव्यात का?

अमेरिकेत आणि कॅनडात ऐतिहासिक लढायांच्या प्रात्यक्षिकांसाठी भारतात बनवलेल्या मस्केटी मोठ्या प्रमाणात विकल्या जातात. त्यांपैकी अनेक नळीला कान न पाडताच आयात केल्या जातात, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्या शोभेच्या वस्तू ठरतात. नंतर कान पाडून घेण्याचे काम विकत घेणाऱ्याकडे येते. त्यांतील कारागिरी काही वेळा खरोखर चांगली असते आणि आपल्या देशातल्या हातांनी ती केली आहे याचे मला कौतुक वाटते. तरीही ज्या नळीची दाबाची चाचणी झाल्याची खूण नाही, तिच्यात ठासून गोळी उडवण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही. अमेरिकेतही अशी चाचणी सक्तीची नाही, त्यामुळे तिथल्या किटमध्येही नळी कोणी बनवली हे विचारावे. कोलरेन, राइस, ग्रीन माउंटन अशा ज्यांच्या नळ्या वर्षानुवर्षे वापरात आहेत त्यांचे नाव ऐकल्यावर माझे मन निश्चिंत होते. इटलीतील पेडेर्सोलीच्या बंदुकांवर सरकारी चाचणीची खूण असते.

जोडणी करताना सर्वांत जास्त चुका कुठे होतात?

कानाच्या जागेत. कान पेल्याच्या वरच्या कडेच्या पातळीला, पेल्याच्या लांबीच्या मध्यावर यायला हवा. तो खाली गेला तर रंजकाखाली बुजतो आणि ज्वाळेला आधी दारूची वात जाळत आत जावे लागते. त्या क्षणभराच्या उशिरात नेम हलतो. कान साधारण एक सोळांश इंचाच्या भोकाने सुरू करावा. मोठा करणे नेहमी शक्य असते, लहान करणे शक्य नसते. आतून शंकूसारखा रुंद झालेला कानाचा तयार स्क्रू मिळतो, तो बसवून घेणे उत्तम.

दुसरी चूक नळीच्या आडव्या पिनांची. लाकूड हवेतील ओलाव्याने फुगते आणि आकसते, नळी तसे करत नाही. नळीखालच्या कड्यांतील पिनांची भोके लांबट केली नाहीत तर पहिल्या पावसाळी हंगामात दस्ता ओढला जाऊन नळीला बाक येतो किंवा लाकूड चिरते.

लाकूड रंगवताना मॅपलसाठी जुन्या पद्धतीने लोखंड विरघळवलेले नायट्रिक आम्ल लावून उष्णता दिली जाते, आणि त्यावर जवसाच्या तेलाचे पातळ हात. तेलाचे चिंधे पाण्यात बुडवून मगच टाकावेत, कारण ते घडी करून ठेवले तर आपोआप पेट घेतात.

दारू कोणती वापरावी?

काळी दारू, फक्त काळी दारू. आधुनिक काडतुसातील धूरविरहित दारू या नळीत टाकली तर नळी फुटून हात किंवा डोळे जाऊ शकतात, याला कुठलाच अपवाद नाही. काळ्या दारूला रासायनिक पर्याय म्हणून विकली जाणारी पावडर पेटायला जास्त तापमान मागते, त्यामुळे चकमकीत तिने फुसके बारच वाट्याला येतात. नळीत मध्यम दाण्याची, म्हणजे दोन-एफ, आणि पेल्यात सर्वांत बारीक चार-एफ अशी पद्धत आहे. स्वित्झर्लंडची स्विस आणि जर्मनीची शूट्झेन या दोन्ही चांगल्या. अमेरिकेतील गोएक्सचा कारखाना २०२१ मध्ये बंद होऊन नव्या मालकाकडे गेला आणि पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात दुकाने रिकामी झाली होती. तेव्हा मिळेल तेव्हा हंगामापुरती घेऊन ठेवावी, मूळ डब्यात आणि थंड, कोरड्या जागी.

किती दारू आणि किती शिसे?

नळी बनवणाऱ्याने दिलेली कमाल मात्रा ओलांडू नये, ही पहिली अट. त्या चौकटीत २० गेजमध्ये मी गोळीसाठी ६० ग्रेनपासून सुरू करून पाच-पाच ग्रेनने वाढवत पंचवीस यार्डांवर पाच गोळ्यांचा गट पाहतो. माझ्या बंदुकीला ७० ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅम दारू, आणि तेलकट सुती कापडात गुंडाळलेली .६०० ची गोळी मानवली. छर्ऱ्यांसाठी दारू आणि छर्रे एकाच मापाने समान आकारमानात घेण्याची जुनी रीत आजही उत्तम चालते. दारू ठेवण्याच्या शिंगातून थेट नळीत कधीही ओतू नये. आधी मापात, मग नळीत. आत धुमसणारा कण राहिला असेल तर निदान हातात संपूर्ण शिंग पेटणार नाही. गोळी गजाने दारूवर पूर्ण टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळीला धोका असतो, म्हणून गजावर भरलेल्या आणि रिकाम्या नळीच्या खुणा करून ठेवाव्यात.

बार उडाला नाही तर काय करावे?

बंदूक लक्ष्याच्या दिशेलाच रोखून निदान एक मिनिट थांबावे. आत ठिणगी धुमसत असेल तर बार उशिरा उडतो, आणि तोवर नळी कोणाकडेही वळलेली नसावी. त्यानंतर कान तारेने मोकळा करावा, पेल्यात नवे रंजक टाकावे, आणि पुन्हा प्रयत्न करावा. ओल्या दिवशी अर्ध्या तासाने रंजक बदलत राहणे हाच खरा उपाय. लॉकवर तेलकट चामड्याचे झाकण बांधावे. अमेरिकी शिकारी त्याला आजही ‘गाईचा गुडघा’ म्हणतात, कारण जुन्या काळी ते गाईच्या गुडघ्यावरच्या कातड्याचे असे.

साफसफाईला किती वेळ लागतो?

वीस मिनिटे, पण त्याच संध्याकाळी. काळ्या दारूची राख हवेतील ओलावा शोषते आणि रात्रभरात नळी गंजवते. कान बंद करून नळीत कोमट पाणी भरावे, हलवून ओतावे, कापड स्वच्छ निघेपर्यंत पुसावे, पूर्ण वाळवून मग तेलाचा हात द्यावा. गोळीच्या कापडाला लावण्यासाठी मधमाशांचे मेण आणि बिनमिठाची चरबी यांचे मिश्रण चांगले. आपल्या घरचे खोबरेल थंडीत गोठते, म्हणून ते उन्हाळ्यापुरतेच.

नवी बंदूक कधी रानात न्यावी?

सलग दहा बारांत दहाही वेळा ती उडली, आणि पन्नास यार्डांवर उभे राहून मारलेल्या पाच गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात पडल्या, तर न्यावी. चार पडल्या तर अंतर चाळीसवर आणावे आणि त्या हंगामात हरीण तेवढ्या अंतरात येईपर्यंत थांबावे. बार लागल्यावर धुरामुळे हरीण कुठल्या बाजूने गेले हे दिसत नाही, म्हणून चाप ओढण्याआधीच त्याच्या मागचे एखादे झाड लक्षात ठेवावे आणि अर्धा तास जागचे न हलता मग त्या झाडापासून माग काढायला सुरुवात करावी.